पांढरं मागे, डोळे उघडे, तोंड मिटलेलं

नमस्कार श्रोतेहो. साताऱ्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे आणि आज बोलायचंय ते परत आलेल्या फोटोंबद्दल. लग्नातला फोटो कुणी परत पाठवत नाही. नवरीचे डोळे मिटलेले असोत, मागे कुणाचे काका जिलबी तोंडात कोंबत असोत, तो अल्बमात लागतोच. पासपोर्टचा आणि व्हिसाचा फोटो मात्र परत येतो, आणि का परत आला ते एका ओळीत असं काही सांगतात की माणूस आणखीच गोंधळतो.

आधी एक घोळ मिटवतो. आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो तिथेच, काउंटरवर काढतात. स्टुडिओत पैसे घालवून यायची गरज नाही. मी हे गिऱ्हाइकाला सांगतो म्हणून आमच्या घरी माझा उद्धार होतो, पण खरं ते खरं. तिथे जाताना एवढंच करा, पांढरा शर्ट किंवा पांढरी साडी नको. मागचा पडदा पांढरा असतो, त्यात खांदे विरघळून जातात आणि नुसतं मुंडकं तरंगल्यासारखं दिसतं. गडद रंगाचं काहीतरी घाला. रांगेत घाम आला असेल तर कपाळ पुसून घ्या.

घरून फोटो न्यावा लागतो तो चार वर्षांखालच्या बाळाचा. ३.५ सेंटिमीटर रुंद, ४.५ सेंटिमीटर उंच, मागे पांढरं. आणि व्हिसाला मोठ्यांनाही लागतो. अमेरिकेसाठी चौकोनी, २ इंच बाय २ इंच. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी, म्हणजे जिथे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांसाठी, पुन्हा ३.५ बाय ४.५. मापं बदलतात, नियम बहुतेक तेच राहतात, कारण ते सगळे माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीवरून आलेत.

आता हे सगळं कशापायी? तर हल्ली फोटो साहेबाबरोबर यंत्रही बघतं. दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची जागा, ओठांची ठेवण ते मोजतं. तुम्ही हसलात की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, ओठ फाकतात आणि हिशोब चुकतो. म्हणून तीन गोष्टी. पांढरं मागे, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. पुन्हा सांगतो, पांढरं मागे, डोळे उघडे, तोंड मिटलेलं.

पहिल्या महायुद्धाआधी तर पासपोर्टवर फोटोच नसायचा बरं का. कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर दुसऱ्याच कुणाच्या अमेरिकी पासपोर्टवर ब्रिटनभर फिरला. १९१४ साली पकडला गेला आणि पुढच्या वर्षी ब्रिटननं पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. एका हेरामुळे आम्हा फोटोवाल्यांच्या पोटापाण्याची सोय झाली म्हणायची.

आणखी एक, विषय जरा बाजूला जातोय, पण बोलूनच टाकतो. 'दादा, जरा गोरा करून द्या' म्हणणारी माणसं अजून येतात. शिकलेली, चांगल्या नोकरीतली माणसं. अहो, तुमचा रंग तुमच्या आईवडिलांनी दिलाय, त्यात मी कोण ढवळाढवळ करणार? आणि व्हिसाच्या फोटोत रंग बदलला, गालावरचा तीळ पुसला, तर तो फोटो नापासच होतो. मोबाइलमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी जी सोय असते, ती आधी बंद करा.

बरं. आता ती आजींची गोष्ट. माझ्या घरच्यांना ती तोंडपाठ आहे, पण तुम्ही ऐकलेली नाही.

आमच्या बाजूच्या एका खेड्यातून एक आजी आल्या. बरोबर लेक आणि लेकीचं चारेक महिन्यांचं बाळ. जावई अमेरिकेत. लेकीला बाळ घेऊन तिकडे जायचं होतं, म्हणून बाळाचा पासपोर्ट. मामानं घरीच मोबाइलवर फोटो काढला होता आणि काउंटरवरून दुसरा आणा म्हणून सांगितलेलं. मी तो फोटो मागून घेतला. खाली गुलाबाच्या फुलांची चादर. मानेखाली आजींचा हात, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मामानं मोबाइल इतका जवळ धरलेला की बाळाचं नाक बटाट्याएवढं आणि कान गायब. आणि गालावर रुपयाएवढी तीट.

मी म्हटलं, "आजी, आधी तीट पुसूया."

आजी म्हणाल्या, "आवं दादा, एवढ्या लांब निघालंय लेकरू. इमानात कोण कोण बघंल. दृष्ट लागली म्हंजी?"

लेक म्हणाली, "आई, फोटोत नको गं, नंतर लाव."

"फोटोच तर समदे बघत्याल की!"

आता याला काय उत्तर द्यायचं? म्हणणं बरोबरच होतं. शेवटी तोड आजींनीच काढली. गालाची तीट पुसली, तळपायाला लावली. तळपाय काही फोटोत येत नाही.

पांढरीशुभ्र चादर जमिनीवर अंथरली, बाळाला उताणं निजवलं, मी वर स्टुलावर. बाळानं असा टाहो फोडला की समोरच्या सलूनमधला न्हावी वस्तरा हातात घेऊन बघायला आला. खुळखुळा वाजवून झाला, चुटक्या झाल्या. दूध पाजलं तर पठ्ठ्या झोपून गेला. उठवलं तर पुन्हा टाहो. त्याला पाहिजे होती फक्त आजींची मांडी.

अशा वेळी आमची एक युक्ती असते. मांडीवर घेणाऱ्या माणसावरच पांढरी चादर पांघरायची, डोक्यापासून पायापर्यंत, आणि चादरीवर बाळ बसवायचं. फोटोत पांढऱ्यावर बाळ तेवढं दिसतं. मी चादर उचलून आजींच्या डोक्यावर धरली मात्र, त्या ताडकन उठल्या.

"आवं, जित्या माणसावर पांढरं घालत्यात व्हय? मालक हाईत माझं अजून!"

स्टुडिओत सगळे गप्प. मी हातात चादर धरून तसाच उभा. लेकीचा चेहरा पडलेला. मग आजींनी बाळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, कुंकवाला हात लावला आणि म्हणाल्या, "घाला. पर ह्यांना सांगू नगा."

चादर घातली. आत आजी, वर बाळ. लेक माझ्या खांद्यामागे उभी राहून वाटी वाजवतेय. आतून आजी बाळाशी गुळूगुळू बोलत होत्या आणि कार्टं एकदम शांत! डोळे टक्क उघडे, तोंड मिटलेलं, सरळ कॅमेऱ्याकडे. मी बटन दाबणार तेवढ्यात चादरीतून आवाज आला, "झालं का? का मी खरंच जाऊ?" आणि आजींनाच हसू फुटलं. त्या हसल्या की चादर हलायची, चादर हलली की बाळ हलायचं, आणि न्हावी दारात पोट धरून बसलेला. शेवटी एकदा आजींनी श्वास रोखला, आणि त्या एका श्वासात फोटो मिळाला. त्याच फोटोवर पासपोर्ट झाला.

पुढे आजी स्वतःच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी आल्या. नोव्हेंबर २०१६ पासून त्या फोटोत चष्मा चालत नाही. चष्मा काढला तर त्यांना कॅमेरा कुठे आहे तेच दिसेना. मी म्हटलं, "आजी, माझ्या आवाजाकडे बघा." म्हणाल्या, "बघती, पर चादर आणू नगा."

वेळ संपत आली, म्हणून उरलेलं घाईनं सांगतो. घरी फोटो काढायचा तर दिवसा, खिडकीकडे तोंड करून. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे उभे राहा, म्हणजे मागे सावली पडत नाही. फोटो काढणारा चार-पाच फूट लांब हवा. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं, म्हणून सेल्फी नकोच. केस भुवयांवरून मागे घ्या. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो बारीक होऊन धुरकट होतो. अमेरिकेच्या अर्जाला फाइल चौकोनी लागते, बाजू किमान ६०० पिक्सेल, जास्तीत जास्त १२००, वजन २४० केबीच्या आत. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा, भावाच्या लग्नातला कापून चालणार नाही. लक्षात आहे ना? पांढरं मागे, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. आणि कागदावरचा फोटो नेणार असाल तर त्याला स्टेपलरची पिन मारू नका, पाकिटात घालून न्या. अगदी भुवईतून पिन गेलेले फोटो घेऊन लोक माझ्याकडे आलेत. नमस्कार.