जर्नलांची चाळणी

(दृश्य: ग्रंथालयाचं तळघर. एकसारखी बांधणी असलेले जाडजूड खंड.)

हे खंड आता सहसा कुणी मागत नाही. उघडले तरी वाचण्यासारखं वाक्य सापडणार नाही. नावं, वर्षं, खंड, पान, एवढंच. अक्षर इतकं बारीक, की भिंगच हवं. हा सायन्स सायटेशन इंडेक्स. जुना निबंध शोधायचा आणि त्याचा हवाला पुढे कुणीकुणी दिला, ते खाली बघत जायचं.

कल्पना आली वकिलांकडून. 1873 साली अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी गोंद लावलेल्या चिठ्ठ्या विकायला काढल्या. निकालपत्रांच्या पुस्तकात, समासात डकवायच्या. जुना निकाल पुढे कुठे उचलला गेला, कुठे फिरवला गेला, ते एका नजरेत कळायचं. 1955 मध्ये अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड म्हणाले, शोधनिबंधांचंही असंच करू. निबंधावर आक्षेप घेतले गेलेत हे माहीतच नसल्यानं लोक बिनदिक्कत त्याचा आधार घेत राहतात, ही त्यांची तक्रार होती.

1964 मध्ये पाच खंड निघाले. 613 जर्नलं, 14 लाख संदर्भ. सगळीच जर्नलं घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून निवडीसाठी एक चाळणी आली: इम्पॅक्ट फॅक्टर. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ, भागिले त्या लेखांची संख्या. निव्वळ सरासरी, आणि तीही जर्नलची.

(दृश्य: निवड समितीची खोली. संशोधकांच्या नोकरीच्या अर्जांचे गठ्ठे. पानं उलटणारा हात. कॅमेरा उजवीकडच्या रकान्यावर.)

निबंधाचं नाव. जर्नलचं नाव. शेवटी जर्नलचा आकडा, दशांशासह. बोट कुठून कुठे सरकतंय बघा. चाळणी तीच, आता तिच्यात माणसं आहेत.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर आलेख. सपाट रेघ, मग एकदम सुळका.)

हे जर्नल ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका, विभाग ए. 2008 मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांनी त्यात स्फटिकरचना उलगडणाऱ्या आपल्या संगणक प्रणालीचा इतिहास लिहिला. प्रणाली वापरणाऱ्यांनी या लेखाचा हवाला द्यावा, असंही सुचवलं. हजारोंनी दिला. वर्षभरात जर्नलचा आकडा 2.051 वरून 49.926 वर! बाकीच्या लेखांत काना-मात्राही बदलली नव्हती, पण लेखकांच्या अर्जांतला आकडा चोवीस पट झाला. हा अपवाद आहे म्हणाल, तर ‘नेचर’ या जर्नलनं 2005 मध्ये स्वतःच सांगितलं होतं: आमच्या आकड्यातला 89 टक्के वाटा 25 टक्के निबंधांचा.

परिणाम? बिनधोक विषय, एका कामाचे तीन निबंध, कंत्राटी नोकरीमागून कंत्राटी नोकरी.

(दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल आवरलं जातंय. निवेदन नाही.)

सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. नेमणूक, बढती आणि निधी ठरवताना जर्नलचा आकडा वापरू नका, असं त्यात म्हटलंय. 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठानं तो आकडा काढून टाकायचं जाहीर केलं, तेव्हा दीडशेहून अधिक डच संशोधकांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. मोजमाप गेलं की मनमानी येईल, अशी त्यांची भीती. सध्या मनमानी नाही असं मानलं, तर मुद्दा पटण्यासारखा आहे.