नारळाच्या मुलखातलं व्हिगन जेवण

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

गोव्यात व्हिगन जेवण शोधणं म्हणजे पंढरपुरात मासळीबाजार शोधण्यासारखं आहे, असं आयोजकांपैकी एक जण मला आत्ताच चहाच्या वेळी म्हणाले. तुम्ही हसलात, त्यावरून बहुतेकांचं मत तेच दिसतंय.

माझं म्हणणं उलट आहे. इथे देशावर शाकाहारी हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, पण दूधदुभतं टाळून जेवायचं म्हटलं की ताटातलं निम्मं बाजूला सारावं लागतं. वरणावर तूप, कोशिंबिरीत दही, पावाला लोणी, पंजाबी भाजीत पनीर आणि वर पुन्हा मलई. गोव्यात शाकाहारी हॉटेलं कमी. पण तिथल्या जुन्या शिवराक पदार्थांत, म्हणजे गोंयकार ज्याला शिवराक म्हणतो त्या बिनमाशाच्या जेवणात, दुधाला फारशी जागाच नाही. मासे टाळलेत की काम बहुतेक झालंच.

व्याख्या पटकन उरकतो. व्हिगन म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीत, दूध, दही, तूप, लोणी नाही, मधही नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी शाकाहाऱ्यांतून वेगळं होऊन ही वाट धरली. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका व्हिगन माणसाच्या कामाचा नाही, त्यात दूध आणि मध दोन्ही बसतात. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२२ साली व्हिगन अन्नासाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं, पण ते पाकीटबंद मालासाठी. हॉटेलात तोंड उघडून विचारावंच लागतं.

आता गोव्यात ही हॉटेलं सापडतात कुठे? फोनवर शोधलंत तर नकाशावरच्या खुणा सगळ्या एका पट्ट्यात दाटलेल्या दिसतील: हणजूण, वागातोर, आसगाव, हरमल आणि दक्षिणेला पाळोळे. साठ-सत्तरच्या दशकात हणजुणेला हिप्पी आले, त्यांच्यामागून जगभरचे लोक आले आणि त्यांचे खाद्यपदार्थही आले. लष्करातली नोकरी संपवून भटकायला निघालेली इस्रायली पोरं तर ठरलेलीच. त्यांच्यामुळे हुमुस आणि फलाफल गोव्याच्या किनाऱ्यावर रुळले. दोन्ही छोल्यांचे पदार्थ, दुधाचा संबंध नाही. वागातोरला ‘बीन मी अप’ नावाचं पूर्ण व्हिगन हॉटेल आहे. सोयाबीनचे टोफू, टेंपे आणि सोबत भरपूर पाला. तिथे वेटरला काही समजावून सांगावं लागत नाही, हे सुख लहान नाही. ज्यांनी लग्नाच्या पंगतीत ‘थोडंसं तूप चालेल ना?’ हा प्रश्न झेलला आहे, त्यांना विचारा.

या कॅफेंना मी नावं ठेवणार नाही. व्हिगन म्हणजे काय हे गोव्यातल्या स्वयंपाक्यांना त्यांनीच शिकवलं. पण दोन गोष्टी सांगतो. एक, तिथे दोघांच्या बिलात पणजीत घरच्या चौघांची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं. दुसरी, हा पट्टा हंगामी आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांतली हॉटेलं, उतरवतात, कित्येक कॅफे दार लावून बसतात. जुलैत गेलात तर नकाशावरची खूण असेल, हॉटेल नसेल. शिवाय तुम्ही गोव्यात आहात हे त्या ताटावरून ओळखता येत नाही. मला ते खटकतं.

गोव्याच्या स्वयंपाकात नारळ का आणि दूध का नाही, हे नीट पाहायला हवं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभ्याची जमीन, दमट हवा. मोठमोठ्या दुभत्या गुरांचे कळप पोसावेत असा हा मुलूख नाही. तिथली स्वतःची गाय म्हणजे श्वेतकपिला, पांढरी, चणीने लहान, दूध मोजकं. आजही गोव्याला लागणारं बरंचसं दूध घाटावरून, कर्नाटक-महाराष्ट्रातून येतं. उलट माड दारात उभा. तेव्हा आमटीला दाटपणा आणायचा, तिखट निववायचं, गोडाला स्निग्धपणा द्यायचा, ही जी कामं घाटावर दूध, दही, तूप करतं, ती तिथे खोबऱ्याचा रस करतो. हा काही कोणी घेतलेला नैतिक निर्णय नव्हे. जे दारात होतं ते पाट्यावर गेलं. पण आज व्हिगन माणसाला त्याचा आयता लाभ होतो.

म्हणून माझा सल्ला असा की सकाळी भाजी-पावाच्या दुकानापासून सुरुवात करा. पणजीत कॅफे ताटो आहे, कॅफे भोंसले आहे. मडगाव, फोंडा, म्हापसा इथे तर अशी दुकानं पावलोपावली. सकाळी साडेसातला संगमरवरी किंवा सनमायक्याच्या टेबलाला अनोळखी माणसाच्या शेजारी बसायचं. पातळ भाजी मागवायची, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातले वाटाणे किंवा चणे. किंवा बटाट्याची सुकी भाजी. नाहीतर दोन्ही एकत्र, मिक्स. मिळालं तर अळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातली रस्सेदार उसळ, घ्या. अळसांदे म्हणजे आपल्या चवळीच्या कुळातलं, पण टपोरं कडधान्य, त्याला स्वतःची अशी मातकट गोडी असते. सोबत मिरचीचं भजं. पाव पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आलेला, मैदा-मीठ-पाण्याचा. पोई, म्हणजे कोंडा लावलेला पाव, मिळाली तर तीच घ्या. पूर्वी ही कणीक माडाच्या सुरेने फुगवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट.

अशाच एका दुकानात मी गल्ल्यावरच्या आजोबांना विचारलं, भाजीत तूप घालता का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘तूप कित्याक घालप? नाल्ल आसा न्हय!’ तूप कशाला घालायचं, नारळ आहे की! मला त्यानंतर व्हिगन पदार्थांची यादी मागायची गरज पडली नाही.

सापळे आहेत, तेही सांगतो. त्याच काउंटरवर फुगलेले, तपकिरी, गोडसर बन्स दिसतील. केळ्याचे असतात म्हणून निर्धास्त हात जातो, पण त्यांच्या पिठात सहसा दही असतं. शिऱ्यात तूप असणारच. चहा दुधाचाच येतो, ‘काळो च्या’ म्हणून सांगावं लागतं. धने-जिऱ्याचा कषाय प्रकृतीला चांगला, पण तोही बऱ्याचदा दूध घालून देतात. आणि उडपी हॉटेलात शिरलात तर डोसा तेलावर टाकायला सांगा, नाहीतर तो लोण्यात न्हाऊन येईल. पंजाबी मेन्यूच्या वाटेला मात्र जाऊच नका. गोव्यात असो की गडचिरोलीत, व्हिगन माणसाला तिथे जिरा राइस आणि दाल फ्रायच्या पलीकडे काही नाही, आणि त्या डाळीच्या फोडणीचाही भरवसा नाही.

दुपारचं जेवण थोडं अवघड. मासळीच्या खाणावळीतही शाकाहारी थाळी मिळते, पण तिथे सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर चटणीसारखी ताटाच्या कडेला येऊन बसते. वाढप्याच्या दृष्टीने ते तोंडीलावणं असतं, मासळी नव्हे. आधी सांगून ठेवलेलं बरं. सोमवारी जा, हे उत्तम. बऱ्याच हिंदू घरांत सोमवारी मासे वर्ज्य, त्यामुळे खाणावळीतही त्या दिवशी शिवराक पदार्थांकडे जरा मनापासून लक्ष दिलेलं असतं. श्रावणात आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत तर विचारूच नका. मोड आलेल्या मुगांच्या मुगागाठी, फणसाची भाजी, आणि सगळ्यांचा राजा, खतखतं. पाच-सात भाज्या, तूरडाळ, ओलं खोबरं, गूळ, आंबटाला सोलं, म्हणजे आमसुलं, आणि वासाला तिरफळं. कांदा नाही, लसूण नाही, फोडणीसुद्धा नाही. सोबत उकडे शीत, म्हणजे उकड्या तांदळाचा भात, आणि सोलकढी, किंवा खोबऱ्याविना केलेली फुटी कढी. गोव्यातलं सर्वांत चांगलं व्हिगन जेवण कोणतं असं विचाराल तर मी हे ताट सांगेन. ते देणाऱ्या खाणावळीच्या पाटीवर व्हिगन हा शब्द सापडणार नाही.

इथे काही कडवे व्हिगन मित्र माझ्याशी भांडतात. म्हणतात, शेजारच्या तव्यावर ऑम्लेट होतंय, त्या हॉटेलात तू जेवतोसच कसा? त्यांची किळस मी समजू शकतो. पण खतखतं करणारी खाणावळ गिऱ्हाइकांअभावी पनीर टिक्क्याकडे वळली, तर गायीचा काय फायदा झाला? मागणी जिथे जाते तिथे स्वयंपाक जातो. माझे शंभर रुपये खतख्याला मिळावेत.

पावसाळ्यात गेलात तर अळंबीची शागुती खायला विसरू नका. भाजलेलं खोबरं, खसखस आणि गरम मसाल्याचं ते वाटण मुळात कोंबडीसाठी प्रसिद्ध, पण अळंबीला ते अधिक शोभतं असं माझं ठाम मत आहे. फक्त लागवडीची अळंबी चालवून घ्या. रोयणीवर, म्हणजे वारुळावर उगवणारी रानअळंबी चवीला न्यारीच, पण जंगलातून ती कळीतच ओरबाडली जाते आणि भाव चढेल तशी अधिकच. प्राण्यांसाठी दूध सोडायचं आणि रान ओरबाडायचं, हे काही जुळत नाही.

राहता राहिलं गोड. गोव्याचं म्हणून जे तुम्ही डब्यातून पुण्याला आणता ते बेबिंक: अंड्यांचे पिवळे बलक आणि तूप, थरावर थर. ते गेलं. त्याच दुकानात, त्याच फळीवर काळपट, चकचकीत, मऊ वड्या असतात, ते दोदोल. तांदळाचं पीठ, माडाचा गूळ आणि खोबऱ्याचा रस, कढईत हात मोडेस्तोवर घोटलेला. नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळाच्या ताटात, तो असतोच. ऑगस्टमध्ये गेलात तर हळदीच्या पानातल्या पातोळ्या मिळतील. नागपंचमीला हिंदू घरांत आणि पंधरा ऑगस्टच्या मेरीमातेच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, ख्रिस्ती घरांत त्याच पातोळ्या उकडतात. चणाडाळ, साबुदाणा आणि खोबऱ्याच्या रसाचं मणगणंही असंच, फक्त काजू तुपात तळले नाहीत ना एवढं विचारा. दोदोल विकत घेताना मात्र वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. काही कारखानदार हल्ली टिकण्यासाठी आणि चकाकीसाठी त्यात तूप घालतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घरी केलेला विकणाऱ्या बायका बसतात, त्यांना समोरासमोर विचारता येतं. तिथेच माडाच्या गुळाच्या काळ्या ढेपाही मिळतात. एक आणा, आणि दोदोल जमला तर मला कळवा. आता प्रश्न घेऊ या.