अडचण फाट्यापर्यंतची

राम राम, श्रोतेहो.

मागच्या पावसाळ्यात रावेरकडे केळीच्या बागेत आमच्या काकांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये केळीची पानं अंथरली, त्यावर काकांना आडवं केलं आणि गाठलं एक रुग्णालय. खिडकीवर पहिला प्रश्न: ‘‘डिपॉझिट कोण भरतंय?’’ काका वाचले. तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

कारण आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच, परमानंद कटारा खटल्यात, बजावलंय की डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी जीव वाचवायचा. बाकीचे सोपस्कार मागाहून.

अमेरिकेत १९८६ पासून तसा कायदाच आहे. तातडीच्या रुग्णाला पैशाअभावी दारातून परत पाठवता येत नाही. बिल मात्र नंतर घरी येतं, आणि अँब्युलन्सचं वेगळं! ब्रिटनमध्ये तातडीच्या विभागात बिलाची भानगड नाही. तिथं रांग आहे. चार तासांत रुग्णाला दाखल करायचं, दुसरीकडे पाठवायचं किंवा घरी सोडायचं हे तिथलं उद्दिष्ट, पण गेली कित्येक वर्षं ते गाठता आलेलं नाही. जपानची गंमत ऐका. अँब्युलन्स फुकट, लगेच दारात. पण आत रुग्ण झोपलेला आणि एकामागून एक रुग्णालयं ‘जागा नाही’ म्हणतायत, असंही घडतं. त्याला जपानी शब्द आहे ‘तराईमावाशी’. तराई म्हणजे घंगाळं. ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायचं. आपल्याकडच्या ‘धुळ्याला न्या, नाशिकला न्या’ची आठवण झाली ना?

फ्रान्समध्ये १५ नंबर लावला की डॉक्टर फोनवर बोलतो, गरज पडली तर डॉक्टर असलेली गाडी येते. महाराष्ट्रातली आपली १०८ अँब्युलन्स याच वळणाची. २०१४ पासून सुरू, मोफत, आणि गाडीत डॉक्टर. अमेरिकेत गाडीत बहुधा डॉक्टर नसतोच.

आपली अडचण गाडीच्या आधीची. सातपुड्याच्या डोंगरात धडगावकडच्या पाड्यांवर आजही बांबूला गोधडीची झोळी बांधून बाळंतिणीला डांबरी रस्त्यापर्यंत खाली आणावं लागतं. ती दोन-तीन तासांची चाल कुठल्या देशाच्या हिशेबात धरायची?

तर, १०८ लावलीत की गावाच्या नावावर थांबू नका. फाटा सांगा, मंदिर सांगा, विजेची डीपी सांगा. आणि एका पोराला मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभं करा, रात्र असेल तर बॅटरी देऊन. केळीच्या शिवारात सगळ्या वाटा सारख्याच दिसतात.