खिशातला हमाल

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते मिटणाऱ्या चाकूबद्दल. विळी-सुरीचं मी तुम्हाला काय सांगणार, ती तुमच्या हातातलीच आहे. मी म्हणतोय तो पातं मुठीत घडी होऊन जाणारा चाकू. बागेत, वायरमनच्या पिशवीत, टेम्पोच्या डॅशबोर्डवर दिवसभर राबणारा.

या बिचाऱ्याची सिनेमावाल्यांनी फार बदनामी केली. खटका वाजला, पातं बाहेर आलं, की समजायचं खलनायक आला. उत्तर प्रदेशात रामपूरला तर 2023 साली भर चौकात वीस फुटी चाकू उभारलाय. तो बघायला ठीक आहे. कामाच्या चाकूला तीन ते साडेतीन इंचांचं पातं भरपूर झालं. पुन्हा सांगतो, तीन ते साडेतीन इंच. शस्त्रांच्या नियमांत परवान्याची भाषा सुरू होते ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. विमानतळावर मात्र तीन इंचीसुद्धा हातातल्या बॅगेत चालत नाही. तो आधीच मोठ्या सामानात टाका.

आता निवडायचा कसा? त्यासाठी तुम्हाला आमच्या तात्यांची गोष्ट ऐकावी लागेल.

तात्या रत्नागिरी जिल्ह्यातले, कलमं बांधणारे. पावसाळा लागला की कोय कलमांची धांदल. आंब्याची कोय रुजून पंधरा-वीस दिवसांचं रोप झालेलं असतं, पानं अजून तांबूस, खोड कोवळं. तात्या ते वीतभराच्या आतच आडवं उडवायचे, मधोमध उभी चीर द्यायचे, हापूसच्या काडीला दोन्ही अंगांनी तिरका छेद देऊन पाचर करायचे, ती चिरेत बसवायची आणि वर प्लॅस्टिकची पट्टी. सगळा खेळ छेदाचा. छेद एका ओढीत झाला पाहिजे, दुसऱ्यांदा पातं फिरवलं की पाचर वाकडीतिकडी होते आणि कलम धरत नाही. (हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण अजून हमरस्त्यावर कुठलाही आंबा ‘देवगड’ म्हणून पेटीत बसतो, आणि आपण तो घेतोही. असो.)

तर या कामाचा तात्यांचा चाकू वेगळा होता. एकाच अंगाने घासलेला, दुसरं अंग सपाट. तो चाकू तात्या कुणाच्या हातात देत नसत. त्याने कुणी सुतळी कापायला घेतली तर तात्या जेवण टाकून उठायचे. सुतळी, खताच्या गोणी, पाण्याची नळी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, काजूची आडवी आलेली फांदी, या सगळ्याला दुसरा चाकू. त्याला तात्या ‘हमाल’ म्हणायचे. तो हमाल एका पावसाळ्यात बांधावरून पडून वाहून गेला, आणि नवा घ्यायला तात्या बाजाराला निघाले. मी होतो बरोबर.

दुकान हार्डवेअरचं. काचेखाली चाकूंची रांग. तात्यांनी छत्री कॉलरला मागे अडकवली आणि खिशातून काय काढलं, तर कुड्याच्या ओल्या काड्यांची जुडी. करंगळीएवढ्या जाड, बेताने तोडून आणलेल्या. दुकानदाराला वाटलं काही औषध-बिवषध असेल.

पहिला चाकू चकचकीत. त्यात कात्री, बाटली उघडायचं, दात कोरायचं, सगळं. तात्यांनी पातं उघडलं. जिथे आपली बोटं येतात, तिथे मुठीच्या खाचेवर एक काडी आडवी ठेवली, चाकू उलटा धरला आणि पात्याची पाठ लाकडी फळीच्या कडेवर दाबली. खट्. पातं मिटलं, काडीचा तुकडा उडून दुकानदाराच्या वहीवर.

“ही माझी करंगळी,” तात्या म्हणाले. “पुढचा दे.”

पुढचा लॉकचा होता, वेष्टनावर मोठ्या अक्षरांत तसं छापलेलं. दोन दाबांत लॉक सुटलं. दुसरी करंगळी. तिसरा काडीतून वाचला, पण तात्यांनी पातं चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं तर ते लटलट लटलट. नव्या चाकूचं पातं असं हललं तर तो सहा महिन्यांनी काय करेल? बाजूला. चौथा ठीक होता, पण तात्यांनी बादलीत हात बुडवून तो उघडायला घेतला आणि नखाला खाचच लागेना. तोही बाजूला.

तोवर गर्दी जमली. एस.टी. चुकलेले लोक, चहावाला पोरगा, सगळे करंगळ्या मोजतायत. दुकानदार वैतागला. म्हणाला, “तात्या, तुम्हाला चाकू हवाय की माझं दुकान बंद करायचंय?”

शेवटी कोपऱ्यातला एक धुळकट चाकू निघाला. लाकडी मूठ, मध्ये पितळेची खीळ, पात्यावर कसलं नाव नाही. पाठ दाबली, मिटला नाही. अंग टाकून दाबली, मिटला नाही. हलवला, हलला नाही. ओल्या हाताने सहज उघडला. तात्यांनी किंमत विचारली. मघाशी याच रांगेतला कुठलाही एकशे ऐंशीला होता. दुकानदार म्हणाला, “हा दोनशे तीस.”

“का रे? याला काय सोनं लावलंय?”

“चांगला निघाला ना! सगळ्यांदेखत निघाला.”

तात्यांनी काड्यांचे तुकडे गोळा करून त्याच्या वहीवर रांगेत मांडले. म्हणाले, “बरं. मग ज्यांनी माझी बोटं तोडली, त्या सगळ्यांचे पन्नास-पन्नास कमी कर. आत्ता, यांच्यासमोर.”

चहावाला पोरगा जो हसला, तो कपबशीसकट खाली बसला. एकशे नव्वदला सौदा पटला, वर दुकानदाराने चहा पाजला.

तर श्रोतेहो, घेताना हेच करायचं. पात्याची पाठ दाबून बघा, पातं बाजूला हलवून बघा, ओल्या हाताने उघडून बघा. पाठ दाबा, हलवा, ओल्या हाताने उघडा. बोटं मात्र पात्याच्या वाटेत ठेवू नका, काडीच ठेवा. दुकानदार करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. आणि चौदा अवजारांचा चाकू घेऊ नका, हे माझं मत. बाटली दाराच्या कडीवरही उघडते.

पोलादाचं थोडक्यात सांगतो, कारण घड्याळ माझ्याकडे बघतंय. साध्या पोलादाला धार पटकन लागते, पण आंब्याच्या चिकाने ते काळं पडतं आणि पावसाळ्यात रात्रभरात तांबेरतं. स्टेनलेस गंजाला सहजी दाद देत नाही. कोकणात राहत असाल तर स्टेनलेस, घाटावर कोरड्या हवेत साधं चालेल. फ्रान्समध्ये सावोय भागात 1890 सालापासून ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू बनतो. 1955 मध्ये त्याच्या मानेला फिरणारं कडं बसवलं. कडं फिरवलं की पातं मिटत नाही. इतकी साधी युक्ती! पण लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. म्हणून लाकडी मूठ घेतलीत तर मृगाच्या आधी सांध्यात तेल सोडा. आमच्याकडे खोबरेल सोडतात, पण ते थंडीत थिजतं. शिवणयंत्राचं तेल बरं.

धार लावायचं राहिलंच. दगड ओला करा, पातं जवळजवळ आडवं धरा, दोन्ही अंगांनी सारखं फिरवा. दारावर येणाऱ्या चाकवाल्याकडे देत असाल तर त्याला पाणी मारत घासायला सांगा. ठिणग्या दिसायला छान दिसतात, पण पातं तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला, मग त्यावर धार टिकत नाही. पुढच्या वेळी कोयत्याबद्दल बोलू. नमस्कार.