अडखळणारे वाचन: अडचण नेमकी कुठे आहे?

उपस्थित शिक्षक आणि पालकहो,

दुसरीतील एखादे मूल पुस्तकावर बोट ठेवून धडा घडाघडा म्हणून दाखवते आणि आपण समाधानाने मान डोलावतो. मग त्याच धड्यातील एक शब्द आपण फळ्यावर सुटा लिहितो आणि ते मूल गप्प होते. त्याला धडा पाठ होता, वाचता मात्र येत नव्हता. अशा मुलाविषयी ‘वाचनात कच्चा आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. ही तक्रार झाली, निदान नव्हे. मूल नेमके कोणत्या पायरीवर अडखळते हे शोधल्याशिवाय त्याला केलेली मदत बहुधा वाया जाते. ‘रोज एक पान वाच’ हा सल्ला तर ज्याला वाचता येते त्याच्याच उपयोगाचा असतो.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी 1986 मध्ये वाचनाची एक साधी मांडणी केली. लिपीचा उलगडा आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार म्हणजे वाचन, असे ते म्हणतात. बेरीज न म्हणता त्यांनी गुणाकार म्हटले, हे महत्त्वाचे आहे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही मोठे असले तरी हाती शून्यच येते. याची पडताळणी कोणालाही करता येईल. मुलाला जो उतारा वाचता आला नाही तो त्याला मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यावर प्रश्न विचारावेत. उत्तरे बरोबर आली तर भाषा शाबूत आहे, अडचण लिपीत आहे. ऐकूनही अर्थ लागला नाही तर शब्दसंग्रहाकडे, गप्पागोष्टींकडे आणि आधी मुलाच्या कानांकडे लक्ष द्यायला हवे. दोन्हीकडे अडचण असणारी मुलेही असतात, हे खरे.

आता लिपीकडे येऊ. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, तेव्हा ती सोपीच, असा आपला एक लाडका समज आहे. मुलाच्या जागी बसून पाहिले की चित्र बदलते. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी दिसते, पण उच्चारायची मात्र नंतर. ‘सूर्य’ या शब्दात र चा उच्चार य च्या आधी होतो, आणि त्याचा रफार बसतो य च्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्यांत फरक एवढ्याशा रेघेचा असतो. शिवाय ‘कमळ’ हा शब्द मूल ‘क, म, ळ’ असा सुटा सुटा म्हणते तेव्हा प्रत्येक अक्षरातला अ पूर्ण उच्चारते. बोलताना मात्र शेवटचा अ गळतो. सुट्या अक्षरांकडून बोलीतल्या शब्दाकडे ही उडी मोठ्यांना जाणवतही नाही, कारण ती आपण कधी मारली हे आपल्याला आठवत नाही. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेले आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते की अशा लिपीतील अक्षरसंच पक्का व्हायला प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे जातात. म्हणून पहिलीत जोडाक्षरे न येणे ही चिंतेची खूण नव्हे. साध्या काना-मात्रेचे शब्दही पुन्हा पुन्हा निसटत असतील तर मात्र ती आहे.

हे ओळखण्यासाठी माझ्या मते निरर्थक शब्दांइतके चांगले साधन नाही. ‘टिमू’, ‘लाबे’, ‘गोपस’ असे शब्द लिहून द्यावेत. हे पाठ असण्याची शक्यता नसते आणि चित्र पाहून ओळखताही येत नाहीत. मूल ‘टिमू’ला ‘टीम’ म्हणाले तर ते पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधते आहे. ‘टमू’ म्हणाले तर वेलांटी हुकते आहे. चूक हीच इथे माहिती असते. ‘चित्र बघ आणि ओळख’ ही सूचना मात्र आपण सोडून द्यावी, कारण तिने मुलाची नजर नेमकी अक्षरांवरून हटते.

‘मोठेपणी येईल आपोआप’ हे वाक्य मायेपोटी बोलले जाते, पण महागात पडते. कॉनी जुएल यांनी अमेरिकेत 54 मुलांचा पहिलीपासून चौथीपर्यंत मागोवा घेतला. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पहिलीच्या अखेरीस वाचनात मागे असलेले मूल चौथीच्या अखेरीसही मागेच असण्याची शक्यता 0.88 इतकी आढळली. कारण उघड आहे. ज्याला वाचता येते ते वाचते, वाचून नवे शब्द मिळवते आणि त्या शब्दांच्या बळावर आणखी वाचते. ज्याला येत नाही ते वाचन टाळू लागते.

मदत कशी करावी, हे यातूनच ठरते. एकाच पायरीवर अडलेली तीन-चार मुले, शक्यतो दररोज वीस-पंचवीस मिनिटे, आणि एका वेळी एकच गोष्ट. आधी कानाने: ‘कप’मधला पहिला आवाज काढून ‘ट’ घातला तर काय होईल? मग तेच लगेच अक्षरांनी. अक्षरांची जोड दिली की ध्वनींचा सराव अधिक परिणामकारक ठरतो, असे अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने 2000 सालच्या अहवालात नोंदवले आहे. त्यानंतर शिकवलेल्याच अक्षरांचे शब्द, त्याच शब्दांची दोन-तीन वाक्ये, आणि तीच वाक्ये ओघ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. दर पंधरवड्याला नव्या शब्दांची छोटी चाचणी घ्यावी. दोन-तीन महिन्यांत काहीच हलले नाही तर मुलाला दोष न देता पद्धत बदलावी, डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि तज्ज्ञाला दाखवावे.

अशा मुलाला वर्गात सर्वांसमोर वाचायला लावावे का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लावावे, मात्र कोणत्या चार ओळी वाचायच्या आहेत हे त्याला आदल्या दिवशी हळूच सांगून ठेवावे, आणि त्या ओळी त्याने शिकलेल्या अक्षरांच्याच असाव्यात.