उताराचा हिशोब

(दृश्य : पहाटेची कळंबोली. लोखंड बाजाराच्या रस्त्यालगत मालट्रकांची रांग. काही केबिनांत दिवे, बाकी अंधार.)

कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर पहाटे जे मालट्रक येऊन थांबतात, त्यांतले बरेचसे बंगळूर, बेळगाव, कोल्हापूर या वाटेने आलेले असतात. परतीच्या या प्रवासात राष्ट्रीय महामार्ग 48 वर आणि पुढे द्रुतगती मार्गावर त्यांना तीन अवघड ठिकाणे लागतात : खंबाटकीचा बोगदा संपताच येणारे एस आकाराचे वळण, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, आणि शेवटी लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरणारा बोरघाट. तेथे अपघात झाला की त्याची बातमी होते, आणि बातमीत चालक असतो. तो चालक त्या वेळी, त्या अवस्थेत तेथे कसा पोहोचला, हे मात्र ट्रान्सपोर्टच्या कार्यालयातल्या ट्रिपच्या वहीतून कळते. हा माहितीपट त्या वहीविषयी आहे.

(दृश्य : नवले पूल. उतारावरून येणारी अवजड वाहने.)

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री साताऱ्याकडून मुंबईच्या दिशेने येणाऱ्या एका अवजड वाहनाने या उतारावर अनेक वाहनांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. नोव्हेंबर 2025 मध्ये याच उतारावर पुन्हा एक भीषण अपघात होऊन माणसे दगावली. 2022 च्या त्या घटनेतली इंजिन बंद करण्याची गोष्ट येथे नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती सवय एका चालकाची नाही.

मालट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा टाकीत भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद झाले की प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना टाकीतली हवा कमी होत जाते आणि तिची भरपाई होत नाही. पॉवर स्टीअरिंग जड होते. इंजिनचा धूर अडवून गाडीचा वेग आवरणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचाही उपयोग राहत नाही. गाडी नुसती न्यूट्रलवर सोडली, तर हवा भरत राहते; पण गियरमधले इंजिन गाडीला जे मागे ओढून धरते ते थांबते आणि सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो. तीन आसांच्या दहाचाकी ट्रकला मालासह 28.5 टन वजनाची मुभा आहे. एवढे वजन सुमारे पाचशे मीटर उंची उतरते, तेव्हा हवेचा आणि टायरांचा विरोध वजा केला तरी, ढोबळ हिशोबाने, तीनशे लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. ती एकट्या ड्रममध्ये जिरवू पाहिले की ड्रमला आतून घासणारा लायनर तापून त्याची पकड सुटते. ‘ब्रेक फेल झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा ब्रेकमध्ये आधी काहीच बिघडलेले नसते.

यातली खेदाची बाब अशी की ज्या बचतीसाठी हे केले जाते, ती नव्या गाड्यांत होतच नाही. इलेक्ट्रॉनिक इंधन नियंत्रण असलेल्या इंजिनात गियर टाकलेला असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की उतारावर डिझेल जाणे जवळजवळ बंद होते. उलट न्यूट्रलवर इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. जुन्या गाड्यांच्या काळातली समजूत उस्तादाकडून क्लीनरकडे आणि क्लीनर चालक झाल्यावर त्याच्याकडून पुढच्या क्लीनरकडे चालत आली आहे.

ही समजूत टिकवली कोणी? अनेक ठिकाणी ट्रिप सुटताना डिझेलचा ठरावीक ॲव्हरेज चालकाच्या नावावर लिहिला जातो आणि तूट आली तर ती त्याच्या पैशातून कापली जाते. वाहतूक कोंडी, चढ, जादा भार यांचा त्या आकड्यात विचार नसतो. मग चालक तूट जेथे भरून काढता येईल असे त्याला वाटते तेथे, म्हणजे उतारावर, भरून काढतो. मालक ‘गाडी सावकाश चालव’ असे तोंडाने सांगतो आणि वहीतून नेमके उलटे सांगतो. चालक वहीचे ऐकतो.

(दृश्य : न्हावा शेवा. कंटेनर ट्रेलरांची रांग. स्टीअरिंगवर डोके टेकलेला चालक.)

दुसरा हिशोब वेळेचा आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. आता हा विषय 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेखाली येतो. कागदावर हे स्पष्ट आहे. परंतु बंदराच्या किंवा कारखान्याच्या दारात चालक सहा-आठ तास रांगेत असतो, दर थोड्या वेळाने गाडी दोन हात पुढे घेत असतो, आणि कार्यालय तो वेळ ‘गाडी उभी होती’ म्हणून विश्रांतीत धरते. त्यानंतर माल भरला जातो आणि रात्रीचा प्रवास सुरू होतो. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटे थांबणे बंधनकारक आहे आणि ते टॅकोग्राफ या यंत्रात नोंदले जाते. आपल्याकडे बहुतेक नव्या गाड्यांत जीपीएस आहे, पण त्याचा उपयोग ‘कुठे पोहोचलास?’ हे विचारण्यापलीकडे क्वचितच जातो. गाडी किती तास सलग चालली, हे त्याच पडद्यावर दिसत असते.

(दृश्य : ट्रान्सपोर्टचे आवार. ताडपत्री बांधणे, टायरचे काम.)

आवारातले धोके लवकर सांगून होतात, कारण ते सर्वांना ठाऊक आहेत : थप्पीवर चढून ताडपत्री ओढताना खाली पडणे, रिव्हर्स येणाऱ्या गाडीमागे सापडणे, पुढे कलवलेली केबिन आधाराविना अंगावर येणे, हवा भरताना टायरची लोखंडी रिंग उडणे. टायरभोवती ठेवायचा लोखंडी पिंजरा कोणताही वेल्डर करून देईल. हमालांसाठी महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे. ताडपत्रीवर चढलेला चालक मात्र कोणाच्याच खात्यात धरला जात नाही. पूर्वी मागे उभा राहून हात दाखवणारा क्लीनर असे. पगार वाचवण्यासाठी अनेकांनी तो कमी केला, आणि त्याच्या जागी आवारात दुसरे कोणी नेमले नाही.

(दृश्य : पुन्हा कळंबोली. ऊन वर आले आहे. कार्यालयातली वही.)

ज्या ट्रान्सपोर्टने ही वही बदलायचे ठरवले, त्याला फार मोठा खर्च येत नाही. डिझेलची तूट प्रत्येक ट्रिपला न कापता महिन्याच्या सरासरीवर आणि त्या मार्गाच्या चढउतारांनुसार पाहावी लागते, रांगेतल्या तासांचा भत्ता द्यावा लागतो, आणि डिझेलच्या शेजारी झोपेच्या वेळेचा एक रकाना आखावा लागतो. समजा, आज त्या रकान्यात ‘रात्री 11 ते पहाटे 4, खेड शिवापूर’ असे लिहिलेले आहे. त्यामुळे गाडी उशिरा पोहोचली आहे आणि माल उतरवून घेणारा व्यापारी फोनवर तक्रार करत आहे. तो फोन कार्यालयातल्या कारकुनाने घेतला आहे. चालक समोरच्या टपरीवर चहा पीत बसला आहे.