पावलांचा खुराक

(दृश्य: कोल्हापूरचा रंकाळा तलाव, सकाळ. संध्यामठाच्या बाजूने फिरायला आलेली माणसं.)

यातल्या बहुतेकांच्या खिशात फोन आहे आणि तो गुपचूप पावलं मोजतोय. त्या मोजणीवर गेम बांधायचा, तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते: खेळणाऱ्याने स्क्रीनकडे कधी बघायचं? चालताना तर नाहीच. कमाई फोन खिशात असताना व्हावी आणि खेळ माणूस घरी टेकल्यावर सुरू व्हावा. ‘पोकेमॉन गो’ हा चालत फिरून खेळायचा फोनवरचा गेम २०१६ साली आला, तेव्हा ॲप उघडं ठेवूनच चालावं लागायचं. बंद ॲपमध्ये अंतर जमा व्हायची सोय २०१८ च्या अखेरीस झाली.

आपण नमुन्यादाखल तालमीचा गेम घेऊ. खेळणाऱ्याचा एक पैलवान आहे आणि पावलं हा त्याचा खुराक.

(दृश्य: फोनचा स्क्रीन, पावलांचा आकडा.)

ॲन्ड्रॉइड ४.४ पासून पावलं मोजणारा सेन्सर वापरता येतो, अर्थात फोनमध्ये तो असेल तर. तो ‘आजची’ पावलं सांगत नाही. फोन शेवटचा सुरू झाल्यापासूनची एकूण सांगतो. म्हणून मागचा आकडा जपून ठेवायचा आणि फरक तेवढा जमा करायचा. फोन बंद करून चालू केला की मोजणी शून्यावर येते. ही अट लिहायची राहिली, तर फरक उणे निघतो आणि पैलवान एका रात्रीत उपाशी पडतो. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला, तर तो अख्खाच जमा धरावा.

ॲन्ड्रॉइड १० पासून या माहितीसाठी परवानगी मागावी लागते. ती पहिल्याच स्क्रीनवर मागितली, तर कशासाठी ते न कळून लोक नकार देतात. आधी भुकेला पैलवान दाखवा, मग मागा.

(दृश्य: गंगावेस, दुचाकींची गर्दी.)

गाडीवरून जाताना खड्ड्यांचे हिसकेही कधीकधी पावलं म्हणून मोजले जातात. त्यावर जीपीएस सतत चालू ठेवणं हा महागडा उपाय. बॅटरी दुपारीच मान टाकेल. फोन ‘वाहनात’, ‘सायकलवर’, ‘चालतोय’ असा अंदाज स्वतःच देतो. वाहनातल्या वेळेची पावलं वगळली, की बरंचसं काम होतं.

उलटी चूक जास्त गंभीर आहे. साडीला खिसा नसतो. फोन ओट्यावर राहतो आणि सकाळपासूनची धावपळ शून्य भरते. आखाड्यातही तेच: लंगोटावर फोन कुठे ठेवणार? पाचशे बैठका मारूनही एक पाऊल दिसत नाही. अशांसाठी हाताने नोंद करायची सोय हवीच. काम किती मिनिटं, बैठका किती. लोक खोटं लिहितील, ही भीती फुकाची आहे. गेममध्ये चढाओढीची यादीच ठेवू नका. मग खोट्या नोंदीने ज्याच्या त्याच्याच पैलवानाचं पोट सुटेल, दुसऱ्याचं काय जातं?

(दृश्य: सात दिवसांचा तक्ता.)

लक्ष्य किती ठेवायचं? दहा हजारांचा आकडा प्रसिद्ध झाला, तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावामुळे. त्याऐवजी खेळणाऱ्याचेच सात दिवस बघा: २,९००, ३,१००, ३,८००, ४,२००, ४,४००, ५,००० आणि जोतिबाला पायी गेला त्या दिवशी २४,०००. सरासरी काढली तर ६,७७१ येते, म्हणजे सहा साध्या दिवसांत तो रोज नापास. चढत्या क्रमाने मधला आकडा घेतला, तर ४,२००. पाया हाच धरायचा.

पायापर्यंत दर शंभर पावलांना एक खुराक, म्हणजे ४२. त्यापुढे दीडपटीपर्यंत, ६,३०० पावलांपर्यंत, शंभराला दोन, आणखी ४२. पुढे काही नाही. ही मर्यादा नसली, तर गुडघे दुखत असताना रात्री अकराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालणारे निघतातच.

जुलैतल्या कोल्हापूरच्या पावसात बाहेर फिरणं कुणाचंही तुटतं. सलग दिवसांची मोजणी त्यामुळे शून्यावर आली, की गेमही सुटतो. आठवड्याला दोन दिवस विश्रांतीचे ठेवा. पैलवानालाही लागते ती.

शेवटी चाचणी. तोंडाने मोजत शंभर पावलं चाला: फोन एकदा पॅन्टच्या खिशात, एकदा शर्टाच्या, एकदा पर्समध्ये आणि एकदा भाजीच्या पिशवीसकट हातात. पिशवीवाला हात जवळजवळ हलत नाही, आकडा बहुधा तिथेच घसरतो. मग तोच फोन खिशात घालून महाद्वार रोड ते रंकाळा गाडीवरून जाऊन या. त्या फेरीचा खुराक शून्य आला पाहिजे.